कड्यावरचे पांढरे बाण

मुलगी कुवेतला आली तेव्हा दुसरीची परीक्षा देऊन आली होती. त्याआधीची सगळी वर्षं ती साताऱ्याला माझ्या मेव्हणीकडे वाढली. आम्ही दोघं कुवेतमधल्या जहरा गावाजवळच्या एका हॉस्पिटलात होतो. बायको नर्स, मी हाडांच्या विभागात प्लास्टर टेक्निशियन. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, आणि मुलीच्या व्हिसाचं घोडं दर वर्षी नव्याच कागदापाशी अडायचं. शेवटी तो मिळाला आणि एका संध्याकाळी ती विमानतळावर दोन वेण्या, पाठीवर दप्तर अशी आमच्यासमोर उभी राहिली. मी पुढे झालो तर तिनं वाकून नमस्कार केला. मावशीनं शिकवून पाठवलं होतं.

तिच्या लेखी 'आई' म्हणजे मावशी. ते नाव आधीच देऊन टाकलेलं असल्यामुळे माझ्या बायकोच्या वाट्याला 'मम्मी' आलं. मला ती बाबा म्हणायची, पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबायची, वर्गात उत्तर देताना पोरं थांबतात तशी. घरात पाहुण्यासारखी वावरायची. माठातलं पाणी घ्यायचं असलं तरी विचारायची, घेऊ का. मला त्या 'घेऊ का'चा राग यायचा आणि राग आल्याची लाज वाटायची.

तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, माझ्या इकाम्याला टाचलेला होता. माझा गेला की तिचा गेला. बायको हॉस्पिटलच्या स्वतंत्र व्हिसावर होती. माझं काही बिनसलं तर तिला इथंच राहून नोकरी करावी लागली असती आणि पोर पुन्हा मावशीकडे. हे आम्ही कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. पण ती आल्यापासून मी रस्ता ओलांडतानासुद्धा दोनदा बघायला लागलो होतो. एवढ्या वर्षांनी हातात आलेली वस्तू आपल्याच हातून निसटेल, ही भीती कायमची येऊन बसली होती.

आपणहून तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो गच्चीवर. मी कपडे वाळत घालत होतो. ती कठड्याला टेकून चारी बाजूंना बघत होती, आणि म्हणाली, इथं किल्ला कुठंय? साताऱ्याला मावशीच्या गॅलरीतून उठल्याबरोबर अजिंक्यतारा दिसतो. गाव म्हटलं की वर किल्ला असणार, असं तिचं सरळ गणित होतं. मी उत्तरेकडे बोट केलं. तिकडे आभाळाला लागून एक बुटकी, करडी रेघ होती. म्हटलं, तो डोंगर. आणि किल्ला गावात आहे, लाल मातीचा. आपण डोंगरावर जाऊ आणि मग किल्ल्यात जाऊ. ती बघत राहिली. डोंगर एवढासाच का, असं काही ती म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा.

त्या कड्याचं अरबी नाव मराठी माणसाला चारचौघांत उच्चारायची सोय नाही. म्हणून आमच्यात त्याला नुसता 'कडा' म्हणायचे.

मी कामाला लागलो. कॉलेजात असताना मी सह्याद्रीत पुष्कळ पायपीट केली होती, आणि कुवेतला आल्यावर ती सगळी हौस पलंगाखालच्या बुटांसारखी पडून होती. आता ती उफाळून आली. रत्नागिरीकडचा एक मित्र जहऱ्याच्या बाजारात तयार कपड्यांचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे ऐसपैस अमेरिकन गाडी होती आणि शुक्रवारी दुकान दुपारपर्यंत बंद असे. मी त्याला बेत सांगितला. तो म्हणाला, किल्ल्याच्या दारापर्यंत गाडी जाते, मग आधी डोंगर चढायचा कशाला? मी म्हटलं, आयता मिळालेला किल्ला लक्षात राहत नाही. त्यानं माझ्याकडे दुकानात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली.

वाट मध्यम हवी होती. पोरीला धाप लागावी, पण रडू येऊ नये. सावली नाही हे धरून चालायचं, म्हणजे ऊन तापायच्या आत निम्म्याहून जास्त व्हायला हवं. हिवाळा संपत आला होता, थोडा पाऊस होऊन गेलेला, वाळूवर हिरवट लव आणि बोटाएवढी जांभळी फुलं. कड्याच्या पायथ्याशी अरबी कुटुंबांचे तंबू लागलेले. मी ठरवलं ते असं: तंबू संपतात तिथं गाडी ठेवायची. कोरड्या घळीतून वर चढायचं. वर आल्यावर कड्याच्या धारेनं चालत राहायचं, तिथून समोर खाडीचं पाणी आणि खारट चिखलाचे पांढरे पट्टे दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर लांब शहराचे उंच मनोरेही. मग काही पडके दगडी चौथरे लागतात; पूर्वी तिथं टेहळणीला माणसं बसत, असं जहऱ्यातले म्हातारे सांगत. तिथं पाणी पिऊन सौम्य उताराने खाली यायचं, जुन्या तांड्यांच्या वाटेवरची बुजलेली विहीर बघायची, आणि वळसा पूर्ण करून गाडीपाशी जेवायचं. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत यायचं हे मला कधीच पटलेलं नाही. शेवटी गावातला लाल किल्ला. त्याच्या भिंती चांगल्या जाड, कोपऱ्यांना बुरूज. अजिंक्यताऱ्यापुढे तो म्हणजे दिवाळीत अंगणात केलेला किल्ला वाटेल, पण किल्ला तो किल्ला.

पाहणीला मी आणि मित्र असे दोघंच गेलो, आणि तिथं माझी पहिली घाबरगुंडी उडाली. आपल्याकडच्या डोंगराला तोंड असतं. सुळका असतो, कातळटोपी असते, खाली कुणाचं तरी रान असतं. इथं वर आलं की सगळं सपाट आणि सगळे दगड एका आईचे. उतरायची वाट मी चुकलो, भलत्याच घळीत शिरलो, परत वर आलो तर आलो कुठून तेच कळेना. मित्र मोठमोठ्यानं हसत होता, पण त्याचंही हसणं नंतर नंतर पातळ झालं. शेवटी तंबूवाल्यांच्या रेडिओचा आवाज आला म्हणून सुटलो. गाडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं: हे पोर बरोबर असताना झालं असतं तर.

म्हणून मी बाण केले. आपल्याकडे ट्रेकवाले पुढे जाऊन दगडांवर चुन्यानं बाण काढतात, मागून येणाऱ्यांची चुकामूक होऊ नये म्हणून. माझ्याकडे चुना नव्हता, पण कापून उरलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या होत्या; वीतभर तुकडे, एरवी कचऱ्यात जाणारे. पुढच्या शुक्रवारी मी ते पिशवीत घेतले, थर्मासमधल्या पाण्यात एकेक बुडवला आणि वळणावळणावर दगडांवर बसवला. एक पट्टी उभी, दोन तिरप्या. अंगठ्यानं कडा दाबून घेतल्या, रोज मनगटावर घेतो तशा. थोड्या वेळात ते दगडासारखे घट्ट झाले. चुना पहिल्या वाऱ्याला उडाला असता, माझे बाण टिकणार होते. मी त्यांच्यावर फार खूश होतो.

त्या वर्षी हवा कशी होती ते मला माहीत नव्हतं असं नाही. उत्तरेला इराण-इराकची लढाई चालू होती आणि सरहद्दीकडे जाणारा मोठा रस्ता त्याच कड्याच्या खिंडीतून जात होता. आदल्या हिवाळ्यात शहरात स्फोट झाले होते. रस्त्यात गाड्या थांबवून बताका, म्हणजे ओळखपत्र, तपासायचे. आमच्या ओळखीच्या एकानं एका पुलापाशी भावाचा फोटो काढला म्हणून त्याला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी एक वाट आखत होतो, आठ वर्षांच्या मुलीसाठी, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

ते शिरवलं एका जवानानं. मंगळवारी सकाळी तो मनगट मोडून आला. पोरसवदा, चेहरा वेदनेनं पिवळा पडलेला. डॉक्टरांनी हाड बसवलं आणि त्याला माझ्याकडे दिलं. मी कापूस गुंडाळला, पहिली पट्टी पाण्यात बुडवली. बोलतं ठेवलं की पेशंट हात सैल सोडतो, म्हणून माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, पडलास कुठं?

त्यानं सांगितलं. कड्यावर कुणीतरी पांढऱ्या खुणा केल्यात. खालून दुर्बिणीतून दिसल्या. बाण आहेत, रस्त्याच्या बाजूनं वर जाणारे. साहेब भडकलाय. काल संध्याकाळी यांच्या तुकडीला वर पिटाळलं, हा घळीत घसरला आणि अंधार पडला म्हणून बाकीचेही परतले. आता कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. शनिवारी शहरातून खास माणसं येणार आहेत बघायला.

माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर होतं. मी त्याच्या मनगटावर पट्टी फिरवत राहिलो. दुर्बिणीतून नुसतं पांढरं दिसतं. पण हातानं उचलून बघणाऱ्याला त्यात पट्टीच्या कापडाची जाळी दिसणार, आणि जाळी दिसली की कुणीही म्हणेल, हे हॉस्पिटलातलं आहे. जहऱ्याच्या आसपास प्लास्टर लावणारी माणसं अशी किती. जवान म्हणाला, तुझा हात कापतोय. मी म्हटलं, पाणी गार आहे.

सरळ हसून सांगून टाकावं, अरे, ते माझे आहेत, मुलीला डोंगर दाखवायचा होता, असं एकदा ओठांवर आलं होतं. तो पोरगा बहुतेक हसलाही असता. पण त्याचा साहेब हसला असता का, हे मला माहीत नव्हतं. मी पट्टी संपवली, कडा अंगठ्यानं दाबून घेतल्या आणि त्याला हात गळ्यात अडकवून दिला.

त्या संध्याकाळी मित्राला बोलावून घेतलं. मुलीला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवून दार लोटलं. मी सगळं सांगितलं. बायको नर्स माणूस, वाईट बातमी ऐकताना तिचा चेहरा दगडाचा होतो, आणि तो चेहरा मला आरडाओरड्यापेक्षा भयंकर वाटतो. मग तिनं जे आम्ही कधी बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. तुमचा इकामा कॅन्सल केला तर पोरीला मी एकटी इथं ठेवू शकत नाही. तिला परत मावशीकडे पाठवावं लागेल.

मी म्हटलं, बाण काढून टाकू. मित्राचं म्हणणं, आता त्यांनी बघितलेत, गायब झाले तर संशय वाढेल. यावर बायको म्हणाली, "नाहीसे झाले तर नुसता संशय. सापडले तर आपण."

मित्र डोकं धरून बसला. त्याची गाडी तिथं दोनदा उभी राहिलेली होती, त्याच्या मागे रत्नागिरीत मोठा गोतावळा होता. तो तिथून उठून गेला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. पण तो म्हणाला, "माझा ऐक. आपण दोघं बापये दगड खरवडताना दिसलो तर मेलो. बायको-पोर बरोबर घे, डबे घे, चटई घे. शुक्रवारी तिथं सगळेच पिकनिकला असतात."

म्हणजे पोरीला घेऊन. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिलाच त्यात ओढायचं. मी नाही म्हणालो, दोनतीनदा म्हणालो, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

बुधवार आणि गुरुवार मी कसे काढले ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वॉर्डाच्या दारात कुणाचाही बूट वाजला की मी हातातलं काम सोडून दाराकडे बघायचो. घरी आम्ही एकमेकांशी कुजबुजत बोलायचो आणि मुलगी आली की थांबायचो. ती नेहमीपेक्षा गप्प होती. पण ती नेहमीच गप्प असायची, त्यामुळे आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी आम्ही निघालो. मी इतक्या हौसेनं आखलेली वाट अशा रीतीनं आम्ही चाललो. मित्र गाडीपाशी चटई टाकून बसला, तोंड तंबूंकडे आणि कान रस्त्याकडे. आम्ही तिघं घळीत शिरलो. माझ्या खिशात प्लास्टर कापायची जाड कात्री होती, बायकोच्या हातात टोपली. मुलीला सांगितलं, थोडा कचरा पडलाय तो उचलतोय. तिनं मान हलवली.

बाण चांगले बसले होते. त्यांचा मला अभिमान होता ना, आता तो मी नखांनी खरवडत होतो. कात्रीचं पातं खाली घालून उचकटायचं, जाळी ओढायची, उरलेली पांढरी पूड वाळूनं घासायची आणि जमलं तर दगडच पालथा करायचा. तुकडे टोपलीत, धपाटी गुंडाळलेल्या फडक्याखाली. बायको पुढे उभी राहून आडोसा करायची आणि मधूनच मोठ्यानं म्हणायची, किती छान हवा आहे नाही. त्या आवाजानं मला रडू येईलसं वाटायचं.

वर धारेवर आलो. खाडी समोर होती, पाणी चकाकत होतं, लांब शहराचे मनोरेसुद्धा दिसत होते. असा स्वच्छ दिवस मिळावा म्हणून मी देव पाण्यात घातले असते. आता त्याच स्वच्छ हवेची मला भीती वाटत होती, कारण आम्हीही तितकेच स्वच्छ दिसत असणार. मुलीला म्हटलं, ते बघ, समुद्र. ती म्हणाली, हो. आणि समुद्राकडे न बघता माझ्या हातांकडे बघत राहिली.

चौथऱ्यांपाशी शेवटचा बाण होता, एका बसक्या, रुंद दगडावर. तिथून पुढच्या उतारावर मी खुणा केल्याच नव्हत्या, कारण खाली गाडी दिसते. मी कात्री काढली आणि त्याच वेळी मागून जीपचा आवाज आला. वरची जमीन सपाट; जीप वाट्टेल तिथून येऊ शकते हे मला सुचलं नव्हतं. कात्री खिशात कोंबली. बायकोनं टोपली छातीशी धरली. त्या दगडावरचा बाण आरशासारखा उन्हात चमकत होता आणि आम्ही दोघं शहाणी माणसं त्याच्याकडे बघत नुसते उभे होतो.

मुलगी चालत गेली आणि त्या दगडावर बसली. फ्रॉकचा घेर दोन्ही बाजूंनी नीट पसरला, मांडीवर हात ठेवले.

जीपमधून वर्दीतले दोघं उतरले. मोठ्या मिशांच्या माणसानं बताका मागितले. माझा बघितला, बायकोचा बघितला. हॉस्पिटलात काय करता? बायकोनं तिच्या चांगल्या अरबीत सांगितलं की ती नर्स आहे. आपली आई त्याच हॉस्पिटलात आहे असं काहीतरी तो म्हणाला आणि जरा सैलावला. माझं काम त्यानं विचारलं नाही. इथं कुणी फिरताना दिसलं का? नाही. टोपलीत काय? बायकोनं फडकं उलगडून वरचं धपाटं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं वास घेतला, अर्धं तोडून जोडीदाराला दिलं. फडकं पुन्हा झाकायला तिनं घाई केली नाही.

मग तो मुलीकडे वळला. खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि तिला बोलावलं, ताली, ताली. हातानंही खुणावलं. ती उठली नाही. त्यानं पुन्हा बोलावलं. तिनं मान हलवून नको म्हटलं आणि फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरली. तिची बोटं पांढरी पडली होती. मी म्हणालो, लाजते, नवीन आली आहे. तो हसला, स्वतःच दोन पावलं पुढे गेला, गोळी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते जीपमध्ये बसून गेले.

आवाज पार विरेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. मी म्हणालो, ऊठ बाळा. ती उठली. मी गुडघ्यावर बसून तो बाण उचकटला, कात्री दोनदा खाली पडली. ती बाजूला उभी राहून बघत होती. गोळी तिनं तोंडात घातली नव्हती, मुठीतच होती. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा तिनं विचारलं,

"बाबा, आता मला परत पाठवणार नाही ना?"

मी म्हटलं, तुला कोण पाठवतंय. ती म्हणाली, दार लोटलं होतं तरी ऐकू आलं, मम्मी म्हणाली, मावशीकडे पाठवावं लागेल. तिनं स्वतःशी विचार करून कारणही शोधलं होतं. तुम्ही दोघं पहिल्यापासून इथं होता, म्हणाली, मी नंतर आले. माझ्यासाठी डोंगरावर खुणा केल्या म्हणून सगळं झालं.

तिची आई त्या दगडावर मटकन बसली. पाठवायचं की नाही हे माझ्या हातात नव्हतंच, शनिवारी ती माणसं येऊन काय बघणार आणि काय ठरवणार, मला काही माहीत नव्हतं. तरी मी म्हणालो, नाही. कुणी नाही पाठवणार.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मी खरं बोलतोय का ते तपासल्यासारखं.

"मग घरी गेल्यावर बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवू का?" तिनं विचारलं.